टेबल स्त्रीलिंगी कसे?

इंग्लंडमधल्या एखाद्या शाळेतला फ्रेंचचा पहिला तास डोळ्यांसमोर आणा. बाई फळ्यावर दोन शब्द लिहितात. 'ल लीव्र' म्हणजे पुस्तक आणि 'ला ताब्ल' म्हणजे टेबल. मग सांगतात की पुल्लिंगी नामाआधी 'ल' येते आणि स्त्रीलिंगी नामाआधी 'ला'. अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा हात वर करून विचारतो, "पण टेबल ही बाई आहे, हे फ्रेंच लोकांना कळले कसे?" वर्ग हसतो. बाईही हसतात आणि म्हणतात, "ते तसेच आहे. पाठ करायचे."

मुलाचा प्रश्न मात्र हसण्यासारखा नाही. त्याच्या इंग्रजीत पुरुषाला एक सर्वनाम, स्त्रीला दुसरे आणि उरलेल्या सगळ्या निर्जीव वस्तूंना तिसरे. इतका सरळ हिशेब घरी असताना टेबल आणि खुर्ची बायकांच्या रांगेत बसवायची, हे त्याला विचित्र वाटणारच.

आपल्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपण दिवसभर 'ती खुर्ची, तो फळा, ते टेबल' म्हणत असतो, आणि त्यात काही नवल आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणूनच इंग्रजी बोलणाऱ्याला फ्रेंच व्याकरण का अवघड जाते, हे पाहणे आपल्याला उपयोगाचे आहे. त्याची अडचण समजून घेताना आपल्याच भाषेतल्या कितीतरी गोष्टी आपल्याला पहिल्यांदा दिसू लागतात. आणि वर्गात एखादे मूल 'चुकते', तेव्हा नेमके काय घडत असते, तेही कळते.

(या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत जवळपासच्या उच्चाराने दिले आहेत. त्यातला 'ज' आपल्या 'ज'पेक्षा घासून उच्चारायचा असतो. 'टेलिव्हिजन' म्हणताना इंग्रज माणूस जो ध्वनी काढतो, तोच हा.)

लिंग म्हणजे काय?

पहिला गैरसमज दूर करू. व्याकरणातले लिंग म्हणजे प्राण्यांचे नर-मादीपण नव्हे. ती नामांची वर्गवारी आहे. भाषेतली सगळी नामे दोन किंवा तीन कप्प्यांत टाकलेली असतात. एका कप्प्यात बहुतेक पुरुष पडतात, दुसऱ्यात बहुतेक स्त्रिया, म्हणून कप्प्यांना ती नावे मिळाली. पण त्याच कप्प्यांत दगड, ढग, भीती आणि भाकरीही पडलेली असते.

याचा पुरावा दूर शोधायला नको. आपण एखाद्या पुरुषाबद्दल बोलतानाही 'ती व्यक्ती आली' असे म्हणतो. मुलगा असो की मुलगी, 'मूल रडले', 'लेकरू झोपले'. 'ऊ' नर असली तरी स्त्रीलिंगी आणि 'ढेकूण' मादी असली तरी पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये अगदी हेच आहे. 'व्यक्ती' या अर्थाचा 'पेर्सोन' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. बळी पडलेला माणूस या अर्थाचा 'व्हिक्तीम' स्त्रीलिंगी आहे. एवढेच काय, पहारेकरी या अर्थाचा 'साँतिनेल' हा शब्दही स्त्रीलिंगी आहे, मग पहाऱ्यावरच्या शिपायाला कितीही मोठ्या मिशा असोत.

फ्रेंच ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे होती. फ्रेंच घडत गेली तसे नपुंसकलिंग गळून पडले आणि त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात गेले. काहींची वाट मात्र वेगळी झाली. 'पान' या अर्थाचा लॅटिन शब्द 'फोलियुम' नपुंसकलिंगी होता. त्याचे अनेकवचन 'फोलिया'. शेवटचा 'आ' ऐकून लोकांना ते स्त्रीलिंगी एकवचन वाटू लागले, आणि आजचा फ्रेंच शब्द 'फय' स्त्रीलिंगी झाला. म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला नाही, पान होते तसेच राहिले, पण शेवटच्या ध्वनीने त्याचा कप्पा बदलला. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

इंग्रजीतही लिंगे होती

इंग्रज मुलाला हे सगळे परके वाटते, पण त्याच्या खापरपणज्यांना वाटले नसते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी. 'बाई' या अर्थाचा 'वीफ' हा शब्द तर चक्क नपुंसकलिंगी होता. आजचा 'वाइफ' हा शब्द त्यातूनच आला आहे.

मग ती लिंगे गेली कुठे? शब्दांच्या शेवटचे प्रत्यय हळूहळू झिजले. बोलताना शेवटचे स्वर अस्पष्ट झाले आणि एका कप्प्याचा शब्द दुसऱ्यापासून वेगळा ऐकू येईना. उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची भाषा आणि इंग्रजी शेजारी-शेजारी नांदत होत्या. त्या संपर्काचाही यात वाटा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. 'टेबल' हा शब्द त्यातलाच. पण तो आला तेव्हा लिंगांचे घर मोडायला लागले होते. म्हणून शब्द आला आणि त्याचे लिंग मागे फ्रान्समध्येच राहिले. आपण तो इंग्रजीकडून घेतला आणि नपुंसकलिंगाच्या कप्प्यात टाकला. एकच शब्द फ्रेंचमध्ये ती, इंग्रजीत काहीच नाही आणि मराठीत ते!

मुलांना कसे कळते?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. फ्रेंच लोकांना कळते कसे? फ्रेंच मूल हजारो नामांची लिंगे एकेक करून पाठ करते का?

मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी जिनिव्हात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांवर काही प्रयोग केले. ते १९७९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांनी भाषेत नसलेलेच शब्द तयार केले. उदाहरणार्थ 'बिक्रों' आणि 'प्लिशेत'. मुलांना काल्पनिक आकृत्यांची चित्रे दाखवून 'हे दोन बिक्रों' असे सांगायचे. 'दोन' म्हटले की फ्रेंचमध्ये लिंग उघड होत नाही, म्हणजे मुलाला आयता सुगावा मिळत नाही. मग मुलांना त्या आकृत्यांबद्दल बोलते करायचे आणि ती 'ल' म्हणतात की 'ला', हे टिपायचे.

लहान मुलांनीही न अडखळता 'ल बिक्रों' आणि 'ला प्लिशेत' म्हटले. त्याहून गंमत पुढे आहे. आकृती स्त्रीची काढली आणि नाव 'बिक्रों' ठेवले, तरी लहान मुले बहुधा 'ल बिक्रों' असेच म्हणत. चित्रातल्या बाईपेक्षा शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवर त्यांचा भरवसा अधिक होता.

त्याआधी दोन वर्षे, १९७७ साली, कॅनडातल्या टकर, लँबर्ट आणि रिगो या संशोधकांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला होता. फ्रेंच बोलणारे लोक अनोळखी शब्दांचे लिंगही शब्दाच्या शेवटावरून ठरवतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी बरीच जुळतात, असे त्यातून दिसले. विचारले तर मात्र बहुतेकांना नियम सांगता येत नाही. नियम डोक्यात असतो, जिभेवर असतो, पण शब्दांत मांडलेला नसतो.

ते नियम साधारण असे आहेत. 'आज' या ध्वनीने संपणारी नामे बहुधा पुल्लिंगी : 'ल फ्रोमाज' (चीज), 'ल व्हिलाज' (खेडे). 'सियों'ने संपणारी बहुतेक सगळी स्त्रीलिंगी : 'ला नासियों' (राष्ट्र). 'एत'ने संपणारी बहुधा स्त्रीलिंगी. 'माँ'ने संपणारी बहुधा पुल्लिंगी. गुण किंवा अवस्था सांगणारी 'ते'ने संपणारी नामे स्त्रीलिंगी. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे फ्रेंच प्रजासत्ताकाचे तिन्ही शब्द, म्हणजे 'लिबेर्ते, एगालिते, फ्रातेर्निते', या न्यायाने स्त्रीलिंगीच आहेत. आणि आपल्या मराठीतले? 'समता' आणि 'बंधुता' स्त्रीलिंगी, पण 'स्वातंत्र्य' नपुंसकलिंगी. अर्थ तोच, शेवट वेगळा, म्हणून कप्पा वेगळा.

अपवाद आहेतच. 'पाज' (पुस्तकाचे पान) आणि 'प्लाज' (समुद्रकिनारा) हे 'आज'ने संपूनही स्त्रीलिंगी आहेत. सांगाडा या अर्थाचा 'स्केलेत' पुल्लिंगी आहे. 'जुमाँ' म्हणजे घोडी, ती बिचारी 'माँ'ने संपते, तरी अर्थातच स्त्रीलिंगी. पण अपवाद असले म्हणून नियम निकामी होत नाही. अपवाद थोडे आणि नेहमीच्या वापरातले असले, की मूल ते सहज लक्षात ठेवते.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग आपल्याला उद्याच करता येईल. त्यासाठी साहित्य म्हणजे फक्त खडू आणि फळा. मराठीत नसलेले तीन शब्द लिहा : गिमटा, गिमटी, गिमटे. मुलांना सांगा की या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. मग हे वाक्य पुरे करायला द्या : "माझ— गिमटी हरवल—." तसेच इतर दोन शब्दांचेही एकवचनी वाक्य करून घ्या.

बहुतेक मुले चटकन म्हणतील : माझा गिमटा हरवला, माझी गिमटी हरवली, माझे गिमटे हरवले. आता विचारा, "गिमटी तुम्ही कधी पाहिली नाही, मग ती स्त्रीलिंगी हे कसे ठरवले?" मुले विचारात पडतील. मग त्यांच्याकडूनच यादी काढून घ्या : घोडा, घोडी, फळा, पाटी, केळे, भांडे. 'आ' आला की बहुधा तो, 'ई' आली की बहुधा ती, 'ए' आला की बहुधा ते. लगेच एखादे चौकस मूल म्हणेल, "पण बाई, शाळा? भाषा? हत्ती? पाणी?" अपवाद शोधणारे मूल हे नियम समजलेले मूल असते, हे ध्यानात घ्या.

यानंतर व्यंजनाने संपणारा शब्द द्या, समजा 'फिरूंद'. आता वर्गात एकमत होणार नाही, कारण शेवटचा ध्वनी फारसे काही सांगत नाही. अशा वेळी आपण अर्थाचा आधार शोधतो. बाहेरून आलेली 'बस' आपण बहुधा गाडीच्या ओळखीने स्त्रीलिंगी केली.

फ्रेंचमध्ये हेच २०२० साली सगळ्या देशादेखत घडले. कोविड हा नवा शब्द आला तेव्हा फ्रान्समधले लोक 'ल कोविड' म्हणू लागले, कारण 'विषाणू' हा शब्द फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आहे. मे २०२० मध्ये फ्रेंच अकादमीने सांगितले की हे नाव विषाणूचे नसून रोगाचे आहे, आणि रोग या अर्थाचा 'मालादी' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'ला कोविड' म्हणावे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 'ला' रुळले. फ्रान्समध्ये बोलताना बरेच लोक 'ल'च म्हणत राहिले. अकादमीचा सल्ला एका बाजूला आणि लोकांची जीभ दुसऱ्या बाजूला. हा सामना कोणत्याही भाषेत नवा नाही.

लिंगाचा उपयोग काय?

इंग्रज विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न असतो, "या सगळ्याचा उपयोग काय? आमचे तर याच्यावाचून अडत नाही." प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की लिंग हे नामावर चिकटवलेले नुसते लेबल नाही. ते वाक्यभर पसरते आणि कोणता शब्द कोणाचा आहे, ते सांगत राहते.

एक उदाहरण घेऊ. 'खुर्चीवर पुस्तक होते. फार जुनी होती.' दुसऱ्या वाक्यात नाम नाही, तरी आपल्याला खुर्ची जुनी होती हे कळते. 'फार जुने होते' म्हटले असते तर पुस्तक. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी एकच सर्वनाम येईल आणि ऐकणाऱ्याला अंदाज करावा लागेल. फ्रेंचमध्ये पुस्तकासाठी 'इल' आणि टेबलासाठी 'एल' येते, त्यामुळे गोंधळ कमी होतो.

विशेषणही नामाप्रमाणे बदलते. मोठा या अर्थी पुल्लिंगात 'ग्राँ', स्त्रीलिंगात 'ग्राँद'. हिरवा या अर्थी 'व्हेर' आणि 'व्हेर्त'. पांढरा या अर्थी 'ब्लाँ' आणि 'ब्लाँश'. इंग्रजीत विशेषण कधी हलत नाही, म्हणून तिकडच्या विद्यार्थ्याच्या वहीत इथे लाल शाईचा पाऊस पडतो. आपण मात्र 'पांढरा, पांढरी, पांढरे' करतच मोठे झालेलो असतो.

आता याहून मजेदार गोष्ट पाहू. इंग्रजीत 'त्याचा' आणि 'तिचा' यांसाठी वेगळे शब्द आहेत. कोणाचे, ते कळते. फ्रेंच विद्यार्थ्याला 'सों पेर' शिकवतात. अर्थ वडील, पण त्याचे की तिचे? दोन्ही. 'सा मेर' म्हणजे आई, त्याची किंवा तिची. फ्रेंच शब्द मालकाकडे पाहतच नाही, ज्याची मालकी आहे त्या नामाकडे पाहतो. वडील पुल्लिंगी म्हणून 'सों', आई स्त्रीलिंगी म्हणून 'सा'. इंग्रजी बोलणारा शिकाऊ मुलगा आपल्या बोलण्यात मुलीच्या वडिलांसाठी 'सा' वापरतो, कारण त्याचे डोळे मुलीवर असतात.

मराठी काय करते? 'तिचा भाऊ' हा शब्दप्रयोग नीट पाहा. 'ति' मालकिणीबद्दल सांगतो आणि 'चा' भावाबद्दल. 'त्याची बहीण' यात 'त्या' मालकाबद्दल आणि 'ची' बहिणीबद्दल. इंग्रजी एका टोकाकडे पाहते, फ्रेंच दुसऱ्या टोकाकडे, आणि मराठी दोन्हींकडे. आपल्या दुसरीतल्या मुलाला हे बिनचूक येते आणि त्यासाठी त्याला कुणी गुण दिलेले नसतात.

तू आणि तुम्ही

इंग्रजीभाषकाची दुसरी अडखळण 'त्यु' आणि 'व्हू' यांची. 'त्यु' म्हणजे तू. 'व्हू' म्हणजे तुम्ही, अनेकांना उद्देशून किंवा एकालाच आदराने. इंग्रजीतही एके काळी असे दोन शब्द होते. त्यातला 'तू' हा सतराव्या शतकात प्रमाण भाषेतल्या रोजच्या बोलण्यातून मागे पडला. आता तो जुन्या प्रार्थनांत, कवितांत आणि काही बोलींत उरला आहे. त्यामुळे इंग्रज विद्यार्थ्याला अडचण पडते ती शब्दांची नव्हे, प्रसंगाची. दुकानदाराला काय म्हणायचे? मित्राच्या आईला काय? १७९३ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन भरात, सर्वांनी एकमेकांना 'त्यु'च म्हणावे असा आग्रह धरला गेला, कारण समान नागरिकांत 'तुम्ही' कशाला? पण ती चाल टिकली नाही. आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणणारी घरे पाहिलेल्या आपल्याला, एका सर्वनामात समाजाचे केवढे गणित असते, ते वेगळे सांगायला नको.

चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला

आता फ्रेंच व्याकरणातल्या एका कुप्रसिद्ध नियमाकडे येऊ. खुद्द फ्रेंच मुलेही त्याला वैतागतात.

फ्रेंचमधला रोजच्या बोलण्यातला भूतकाळ दोन तुकड्यांनी बनतो : एक सहायक क्रियापद आणि एक धातुसाधित. बहुतेक क्रियापदांना 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचे 'आव्ह्वार' हे सहायक लागते. पण जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काही अकर्मक क्रियापदांना 'होणे, असणे' या अर्थाचे 'एत्र' लागते. 'एत्र' लागले, की धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. 'इल ए मोर' म्हणजे तो मेला, 'एल ए मोर्त' म्हणजे ती मेली. (हा 'मोर' आणि आपला 'मृत' एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.)

'आव्ह्वार' लागले, तर कर्ता स्त्री असो की पुरुष, धातुसाधित बदलत नाही. 'जे एक्री यून लेत्र' म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. पण कर्म जर आधी आले, तर धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलते! 'ला लेत्र क जे एक्रीत' म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. 'एक्री'चे 'एक्रीत' झाले, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी आली आहे.

इंग्रजीभाषकाला हा नियम म्हणजे निव्वळ छळ वाटतो. क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का जावे? पण आपण क्षणभर थांबून आपलीच वाक्ये ऐकू. 'ती गेली', 'तो गेला'. इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे. 'तिने निबंध लिहिला', 'तिने चिठ्ठी लिहिली', 'त्याने पत्र लिहिले'. इथे कर्त्याकडे कुणी पाहतही नाही, क्रियापद सरळ कर्माच्या मागे जाते. शाळेत आपण याला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणतो, आणि मुले त्याला वैतागतात.

हे साम्य योगायोगाचे आहे का? फ्रेंचने मराठीकडून काही घेतलेले नाही, मराठीने फ्रेंचकडूनही नाही. पण दोघींनी आपापल्या घरी भूतकाळ बनवण्यासाठी एकच कच्चा माल वापरला. तो म्हणजे धातूपासून बनलेले विशेषण. पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा घडणीचे वाक्य असे. त्यात 'लिहिलेली' हे चिठ्ठीचे विशेषण, म्हणून ते चिठ्ठीप्रमाणे चालणारच. कालांतराने या वाक्याचा अर्थ 'मी चिठ्ठी लिहिली आहे' असा झाला. संस्कृतात 'मया पत्रिका लिखिता' असे म्हणत, म्हणजे 'माझ्याकडून पत्रिका लिहिली गेलेली'. 'लिखिता' हे पत्रिकेचे विशेषण. त्याच घडणीतून प्राकृतांच्या वाटेने आपले 'लिहिला, लिहिली, लिहिले' आले. विशेषणाचे क्रियापद झाले, पण जुनी सवय सुटली नाही. ते अजून आपल्या नामाचेच ऐकते.

जुन्या इंग्रजीतही अशा वाक्यांत धातुसाधित कधी कधी कर्माप्रमाणे बदलत असे. पुढे प्रत्यय झिजले आणि ती खूण पुसली गेली. फ्रेंचमध्ये ती अर्धवट राहिली. कर्म आधी आले तरच बदल, हा नियम सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देऊन पुढे केला, आणि पुढच्या व्याकरणकारांनी तो पक्का केला. बोलताना आज अनेक फ्रेंच लोक तो पाळत नाहीत. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी 'आव्ह्वार'बरोबरचा हा बदल रद्दच करावा, असे सुचवले. शाळेतले कितीतरी तास या एका नियमावर खर्च होतात, हे त्यांचे एक कारण होते. त्यावर फ्रेंच भाषक जगात मोठा वाद झाला.

अवघड कोणासाठी?

इतके वाचून कुणाला वाटेल की मराठी मुलाला फ्रेंच सोपीच. तसे नाही. 'ल' आणि 'ला' यांचे लिंग आपल्याला कळते, पण ते मुळात कधी वापरायचे, हे इंग्रज मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळते. 'पुस्तक आण' म्हणताना ते ठरावीक पुस्तक की कोणतेही एक, हे मराठीत दर वेळी सांगावे लागत नाही. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सांगावे लागते. फ्रेंच तर आणखी पुढे जाते. 'मी पाव खातो' यात पावाआधी 'त्यातला काही' अशा अर्थाचा 'द्यु' घालावा लागतो. शिवाय आपली लिंगे आणि त्यांची लिंगे जुळत नाहीत. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांचा 'ल्यून' स्त्रीलिंगी. आपले घर नपुंसकलिंगी, त्यांचे 'मेझों' स्त्रीलिंगी. कप्पे असतात, हे आपल्याला ठाऊक असते. कोणत्या कप्प्यात काय, ते नव्याने शिकावे लागते.

महाराष्ट्रात अनेक मुले दहावीच्या आगेमागे फ्रेंच घेतात. त्यांच्या हातात पुष्कळदा इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण पडते. त्यात लिंगावर पानेच्या पाने असतात, कारण ती इंग्रजीभाषकासाठी लिहिलेली असतात. मराठी मूलही मग लिंगाला घाबरायला शिकते. 'अगं, हे तर आपल्या चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिलासारखे आहे', एवढे एक वाक्य कुणी सांगितले, तर त्याचे कितीतरी कष्ट वाचतील.

एखादी भाषा अवघड की सोपी, हे त्या भाषेत लिहिलेले नसते. शिकणारा कोणत्या भाषेतून येतो, त्यावर ते ठरते.

ही गोष्ट आपल्याला फ्रेंचच्या वर्गापेक्षा आपल्याच वर्गात अधिक उपयोगी आहे. नव्याने आलेले हिंदीभाषक मूल म्हणते, "बाई, माझी पुस्तक घरी राहिली." वर्ग हसतो. त्या मुलाने चूक केली का? हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे. त्याने विशेषण आणि क्रियापद दोन्ही त्या लिंगाप्रमाणे बरोबर चालवले. त्याचे व्याकरण पक्के आहे, फक्त एका शब्दाचा कप्पा वेगळा आहे. सीमाभागातले कन्नडभाषक मूल 'ते खुर्ची' म्हणते, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच असतात. त्याचा हिशेब त्या इंग्रज मुलाच्या हिशेबाजवळचा आहे.

अशा मुलाच्या वहीत लाल रेघ मारण्याआधी त्याला विचारावे, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" त्याचे उत्तर फळ्यावर लिहावे. शेजारी मराठी लिहावे. वर्गात जितक्या भाषा असतील तितके रकाने करावेत. दहा शब्दांचा असा तक्ता झाला, की जे मूल हसण्याचा विषय झाले होते, ते वर्गाला काहीतरी शिकवणारे होईल. आणि लिंग म्हणजे कप्पे, कप्पे भाषेगणिक वेगळे, ही गोष्ट मुलांना व्याख्या पाठ न करता समजेल.

त्या इंग्रज मुलाला आता उत्तर देता येईल. टेबल बाई आहे, असे फ्रेंच लोकांना कधीच वाटले नाही. त्यांनी शब्द ऐकला, तो इतर शब्दांच्या जोडीने एका कप्प्यात ठेवला, आणि मुलांनी तो तिथूनच उचलला. त्याचा प्रश्न मात्र चांगला होता. वर्ग हसला तेव्हा बाईंनी हसायला नको होते.